प्रश्नचिन्हापुढचा मजकूर

विरामचिन्हांच्या कुटुंबात प्रश्नचिन्हावर माझा विशेष लोभ आहे. पूर्णविराम हा घरातल्या कर्त्या पुरुषासारखा. तो आला की बोलणे संपले. स्वल्पविराम लग्नघरातल्या मामासारखा सगळीकडे हवा असतो आणि नेमका हवा तेव्हा सापडत नाही. उद्गारचिन्हाला तर आम्हा दिवाळी अंकांच्या लेखकांनी इतके राबवून घेतले आहे की, त्या बिचाऱ्याला आता पेन्शन द्यावी हे बरे! प्रश्नचिन्ह मात्र पाठीत वाकून, अदबीने उभे असते. ‘मला ठाऊक नाही, आपण सांगाल का?’ एवढेच त्याचे म्हणणे.

हे सारे कुटुंब मराठीच्या घरी दत्तक आलेले. मोडी लिहिणारा कारकून आधी पानभर आडवी रेघ ओढी आणि मग तिला अक्षरे टांगीत जाई. दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याचीही त्याला गरज वाटत नसे. मग प्रश्नचिन्ह कुठले! एकोणिसाव्या शतकात मेजर कँडीसाहेबांनी ही चिन्हे मराठीत रुजवली आणि तेव्हापासून ती आमच्या क्रमिक पुस्तकांत सुखाने नांदत आहेत. वर्गात मी ती वर्षानुवर्षे शिकवतो. पण या प्रश्नचिन्हाला आपल्या डोळ्यांदेखत एक नवी नोकरी लागली आहे आणि ती पुस्तकातल्या नोकरीपेक्षा फार मोठ्या जबाबदारीची आहे, हे मला कळले ते भाजीच्या गाडीवर.

आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींच्या गाडीला तराजूशेजारी तो काळापांढरा ठिपक्यांचा चौकोन टांगलेला आहे. तुमच्याही कोपऱ्यावर असेलच. १९९४ साली जपानमधल्या डेन्सो वेव्ह या कंपनीने मोटारींच्या सुट्या भागांची मोजदाद करण्यासाठी तो काढला आणि आज त्याच्यावर आपण मेथीची जुडी घेतो! माझी भाची नोकरीसाठी आमच्याकडे राहते आणि मोबाइलची ॲप्स तयार करणे हा तिचा व्यवसाय आहे. ती म्हणाली, “मामा, त्या चौकोनात चित्र नाहीये, एक वाक्य आहे. वाचून दाखवू?” तिने पैसे देण्याचे ॲप न उघडता साध्या वाचकाने तो चौकोन वाचला. पडद्यावर इंग्रजी अक्षरांची एक लांबलचक ओळ आली, मधे कुठेही जागा नाही, थेट मोडी! ती साधारण अशी होती: यूपीआय, मग अपूर्णविराम, दोन तिरप्या रेघा, ‘पे’, आणि लगेच आमचे प्रश्नचिन्ह. त्याच्यापुढे ‘पीए’ बरोबर अमुक, ‘&’, ‘पीएन’ बरोबर तमुक, ‘&’, ‘सीयू’ बरोबर आयएनआर.

“पीए म्हणजे पैसे कुणाच्या पत्त्यावर जाणार तो पत्ता,” भाची सांगू लागली, “पीएन म्हणजे त्याचं नाव, सीयू म्हणजे चलन. दुकानातल्या यंत्रावर रक्कम घालून चौकोन येतो ना, त्यात एएम म्हणून रक्कमही असते. प्रश्नचिन्हाच्या आधी काय करायचं ते, आणि पुढे त्याचा तपशील. ह्या तपशिलांना आम्ही पॅरामीटर म्हणतो.”

मावशी कोथिंबीर निवडता निवडता ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “म्हंजी माजं नाव हाय का त्यात?” होते, मुलाने खाते उघडले म्हणून मुलाचे होते.

घरी आल्यावर मी भाचीला सोडले नाही. मराठीच्या माणसाला वाक्यरचना दिसली की तो कर्ता-कर्म शोधू लागतो, त्याला इलाज नाही. तिच्या कार्यालयात सध्या गाड्यांच्या वेळा सांगणारे एक ॲप तयार होत आहे. तुम्ही मोबाइलवर दोन गावांची नावे लिहायची, दिवस निवडायचा आणि बोट टेकवायचे. ॲप तुमच्या उत्तरांतून एक पत्ता जुळवते आणि तो दूरच्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे पाठवते. खरी नावे इंग्रजीत असतात; वाचकांच्या सोयीसाठी मी तो मराठीत लिहितो:

…/गाड्या?कुठून=पुणे&कुठे=सातारा&दिवस=शनिवार

सर्व्हर हे वाचतो, आपल्या वहीत पाहतो आणि वेळांची यादी परत धाडतो. ॲप ती यादी रंगरंगोटी करून तुमच्यापुढे मांडते. हा सारा व्यवहार तुम्ही चहाचा एक घोट घ्यायच्या आत होतो. ‘नेट स्लो आहे’ म्हणून आपण चिडतो ते हा घोट दोन घोटांचा झाला म्हणून!

आता या ओळीकडे व्याकरणाच्या डोळ्यांनी पाहा. प्रश्नचिन्हाच्या आधीचा भाग म्हणजे टपालाचा पत्ता. तिथे क्रमाला महत्त्व आहे. ‘कसबा पेठ, पुणे’ याचे ‘पुणे, कसबा पेठ’ केलेले पोस्टमन एकवेळ चालवून घेईल, सर्व्हर घेणार नाही. प्रश्नचिन्हापुढचा भाग मात्र थेट आपल्या मराठी वाक्यासारखा आहे. ‘रामाने आंबा खाल्ला’ म्हणा की ‘आंबा रामाने खाल्ला’ म्हणा, खाणारा रामच राहतो. कारण ‘ने’ हा प्रत्यय त्याला चिकटलेला आहे. इंग्रजीत शब्दांची जागा बदलली तर आंबा रामाला खाऊन टाकतो. पॅरामीटरांचे तसेच आहे. ‘कुठे’ आधी लिहा की ‘कुठून’ आधी लिहा, प्रत्येकाला त्याचे नाव चिकटलेले असते, म्हणून गाडी साताऱ्यालाच जाते. इंग्रजी बोलणाऱ्यांनी रचलेल्या या पत्त्यात विभक्तीची व्यवस्था यावी, याची मला मोठी गंमत वाटली. भाचीला वाटली नाही. ती म्हणाली, “काही सर्व्हर क्रमही बघतात, मामा.” तरुण पिढीला सिद्धान्तापेक्षा अपवाद जवळचे!

या रचनेचे मूळ जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत आहे. तिथे टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या आसपास जागतिक जाळ्याची मांडणी केली. सुरुवातीला प्रश्नचिन्हापुढे फक्त शोधायचे शब्द लिहीत आणि ते शब्द अधिकचिन्हाने जोडीत. नावे आणि बरोबरची चिन्हे पुढे अर्जांबरोबर आली आणि १९९५ च्या नोव्हेंबरात ती रीत नियमांत छापली गेली. पत्त्याच्या आरंभीच्या त्या दोन तिरप्या रेघांची खरे म्हणजे गरज नव्हती, असे बर्नर्स-लींनी २००९ मध्ये स्वतःच सांगितले. तोवर जगाने त्या किती वेळा टंकल्या असतील, देव जाणे. जोडणारे ‘&’ हे चिन्ह मात्र फार जुने. लॅटिनमध्ये ‘आणि’ या अर्थी ‘एत्’ असा शब्द आहे. त्याची दोन अक्षरे एकात एक गुंतवून लेखनिकांनी हे चिन्ह केले. म्हणजे हे जोडाक्षरच! ज्ञ आणि क्ष यांचे रोमन भावंड म्हणा ना.

पण ज्या चिन्हांना अशी कामे लावली, ती चिन्हे तुमच्या मजकुरातच आली तर? समजा, खाण्याच्या एखाद्या ॲपमध्ये कुणी ‘वडा & पाव’ असे शोधले. सर्व्हर वाचणार: शोधा वडा, आणि पाव नावाचा दुसरा एक तपशील आहे, त्याची किंमत काही नाही. पाव बिचारा पोरका! म्हणून नियम असा की, मजकुरातल्या अशा चिन्हांना वेषांतर करून पाठवायचे. प्रत्येकाच्या जागी टक्क्याचे चिन्ह आणि त्याचा दोन अंकी क्रमांक लिहायचा. ‘&’ चा क्रमांक २६, मोकळ्या जागेचा २०. टक्क्याचे चिन्ह स्वतः आले तर त्यालाही वेषांतर: त्याचा २५.

मराठी अक्षरांना तर सगळ्यांनाच हा वेष घ्यावा लागतो. संगणकात देवनागरी ज्या पद्धतीने साठवतात, ती केन टॉम्प्सन आणि रॉब पाइक या दोघांनी १९९२ साली न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, जेवणाच्या टेबलावरच्या कागदी आच्छादनावर मांडली. मोठमोठे विचार खाणावळीतच सुचतात, हे आमच्या डेक्कन जिमखान्यावरच्या मंडळींना नव्याने सांगायला नको. त्या पद्धतीत आपले प्रत्येक चिन्ह तीन बाइटांची जागा घेते आणि पत्त्यात जाताना प्रत्येक बाइटाला टक्का अधिक दोन अंक, म्हणजे तीन चिन्हे लागतात. एकट्या ‘प’चे रूप होते ते असे: टक्का-ई-शून्य, टक्का-ए-चार, टक्का-ए-ए. त्यात उकार वेगळा, मात्रा वेगळी. ‘पुणे’ लिहायला छत्तीस चिन्हे! पुणेकरांना आपले महत्त्व पटवायला हा एक नवा पुरावा मिळाला. २०२२ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमांत सर्वांनी निदान ८००० बाइटांपर्यंतचा पत्ता स्वीकारावा अशी शिफारस आहे. आठ हजारांना नवाने भागले तर आपल्या वाट्याला अठ्ठ्याऐंशीवर आठशे, म्हणजे ८८८ चिन्हे येतात. साध्या चौकशीला पुष्कळ झाली. पण आमच्या एका आत्याबाई दिवाळीच्या शुभेच्छा ज्या लांबीच्या पाठवतात, त्या या मार्गाने जाणे नाही.

हे वेषांतर ॲप करणाऱ्याने हाताने करू नये, असे भाचीचे ठाम मत आहे. ॲण्ड्रॉइडमध्ये ‘यूआरआय बिल्डर’ आणि आयफोनमध्ये ‘यूआरएल कॉम्पोनंट्स’ अशी तयार हत्यारे आहेत. त्यांच्या हाती नाव आणि मजकूर वेगवेगळे द्यावेत, ती पत्ता जुळवून देतात. नवशिका मुलगा मात्र तुकड्याला तुकडा डकवतो आणि वर घाबरून दोनदा वेषांतर करतो. मग ‘%२०’ मधल्या टक्क्याचेच पुन्हा वेषांतर होऊन ‘%२५२०’ असे काहीतरी पलीकडे पोचते. एकदा सोवळे नेसल्यावर त्यावर दुसरे सोवळे नेसावे, तसे!

आणि अधिकचिन्ह? त्याची कथा सर्वांत करुण आहे. जुन्या रीतीप्रमाणे प्रश्नचिन्हापुढे अधिकचिन्ह म्हणजे मोकळी जागा. नंतरच्या सामान्य नियमांत मात्र अधिकचिन्ह म्हणजे अधिकचिन्हच. एका घरात दोन पंचांगे झाली. वर सांगितलेले आयफोनचे हत्यार दुसरे पंचांग पाळते. ते अधिकचिन्हाला हात लावत नाही. पलीकडचे पुष्कळ सर्व्हर पहिले पंचांग पाळतात. भाचीच्या आधीच्या कार्यालयात मोबाइलचा क्रमांक असाच पत्त्यातून जात असे. आरंभी देशाचा क्रमांक, अधिक एक्याण्णव. सर्व्हरकडे पोचायचा तो मोकळी जागा आणि एक्याण्णव. त्या क्रमांकाला पासवर्डाचा संदेश जाईना. दोन दिवस आयफोनवाली गिऱ्हाइके दाराशी ताटकळत उभी, ॲण्ड्रॉइडवाली खुशाल आत! कुणी म्हणे मोबाइल कंपनीचा दोष, कुणी म्हणे आयफोनचाच. शेवटी एका मुलीने (ती मुलगी कोण, हे सांगायची मला मनाई आहे) ती ओळ अक्षर न अक्षर वाचली आणि मोकळ्या जागेवर बोट ठेवले. व्हॉट्सॲपच्या थेट संभाषणाच्या दुव्यात क्रमांक लिहिताना अधिकचिन्ह, आरंभीचे शून्य, कंस यांतले काहीच लिहू नये अशी त्या कंपनीची सूचना आहे. ती मला पूर्वी उगाचची वाटे.

आता जरा गंभीर गोष्टीकडे वळू.

आमच्या शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात. त्यांना मी ही सगळी हकीकत सांगितली तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे हे पोस्टकार्ड झालं. मजकूर पत्त्याशेजारीच लिहिलेला.” उपमा इतकी चपखल होती की मला मत्सर वाटला. ॲपकडून सर्व्हरकडे जाणाऱ्या विनंत्यांच्या मुख्य जाती दोन: ‘गेट’ आणि ‘पोस्ट’. गेटमध्ये तपशील प्रश्नचिन्हापुढे, पत्त्यातच. पोस्टमध्ये तो आत, पाकिटात. वाटेत म्हणाल तर आजकाल पोस्टकार्डही कुलूपबंद थैलीतून जाते. कुलपाचे चित्र असलेल्या जोडणीत मधल्या माणसाला फार तर सर्व्हरचे नाव कळते, प्रश्नचिन्हापुढचे काही दिसत नाही. धोका वाटेत नसून दोन टोकांना आहे. सर्व्हर आलेला प्रत्येक पत्ता आपल्या रोजनाम्यात उतरवून ठेवतो. तुमच्या मोबाइलच्या इतिहासात तो राहतो. शिवाय एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात तर ‘हे गृहस्थ अमुक पत्त्यावरून आले’ अशी चिठ्ठी पुढच्याला जाऊ शकते. या चिठ्ठीला ‘रेफरर’ म्हणतात आणि १९९६ च्या नियमांत तिचे इंग्रजी शुद्धलेखन चुकले. मधला एक ‘आर’ गळाला. रेफररमधलाच रेफ गळावा! आणि ती चूक आज जगातल्या यच्चयावत संगणकांत तशीच पाळली जाते. आमच्या विद्यार्थ्यांनी हे वाचू नये अशी माझी इच्छा आहे.

म्हणून पासवर्ड, आजाराची नावे, बँकेचे तपशील यांना प्रश्नचिन्हापुढे जागा नाही. गेटचा उपयोग चौकशीपुरता. चौकशी कितीदाही केली तरी बिघडत नाही. लोणावळ्याच्या बोगद्यात गाडी शिरली, जोडणी तुटली, तर ॲपने पुन्हा विचारावे. पण ‘तिकीट काढा’, ‘पैसे कापा’, ‘नोंद पुसा’ अशी कामे गेटने सांगितली तर अनर्थ. २००५ च्या मे महिन्यात गूगलने पाने लवकर उघडावीत म्हणून एक साधन काढले होते. ते पानावरचे दुवे आधीच उघडून ठेवी. काही ठिकाणी ‘पुसून टाका’ हाही साधा दुवाच होता. त्या प्रामाणिक साधनाने तोही उघडला आणि लोकांच्या नोंदी गेल्या.

तर पोस्टमास्तर. गेल्या पावसाळ्यात त्यांनी एका तपासणी केंद्रात रक्त दिले. संध्याकाळी मोबाइलवर दुवा आला: अहवाल, प्रश्नचिन्ह, क्रमांक बरोबर पाच अंकी एक आकडा. दुवा उघडला की अहवाल समोर. ना पासवर्ड, ना कोण कुठले याची विचारपूस. त्यांच्या पत्नीने त्याच सकाळी रक्त दिले होते. तिच्या दुव्यातला आकडा एकाने जास्त. आयुष्यभर नोंदणीकृत पत्रांचे क्रमांक हाताळलेला तो माणूस! त्यांच्या मनात जे यायचे ते आले. त्यांनी आकडा एकाने कमी केला. समोर एका अनोळखी तरुण मुलीचे नाव, वय आणि अशा एका तपासणीचा निकाल आला, जी तिने घरात सांगितली असेल की नाही याची शंका यावी. त्यांनी लगेच ते पान बंद केले. माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. “मी चौतीस वर्षं लोकांची पत्रं हाताळली,” ते म्हणाले, “एक पाकीट उघडलं नाही. आणि आज हे काय झालं माझ्या हातून?”

भाचीने त्यांना बसवून पाणी दिले. “काका, पुन्हा मात्र आकडा बदलून बघू नका, कायद्यानं ते आपल्याच अंगाशी येऊ शकतं. पण चूक पाकिटाची आहे, तुमची नाही.” मग तिने समजावले ते असे. पॅरामीटर म्हणजे विचारणाऱ्याचे म्हणणे; पुरावा नव्हे. ‘क्रमांक बरोबर अमुक’ असे कुणीही म्हणू शकतो. तेव्हा सर्व्हरने दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत: तू कोण? आणि हा कागद तुझा का? शिवाय क्रमांक असा ओळीने न देता लांब, अंदाजाबाहेरचा द्यावा; पण ते दुय्यम. ॲपमध्ये तर पत्ता पडद्यावर दिसत नाही, म्हणून करणाऱ्याला वाटते की तो लपला. तो लपलेला नसतो; जाणकाराला ॲपच्या आतून निघणारी प्रत्येक विनंती वाचता येते.

ही चूक एका गल्लीतल्या केंद्राचीच आहे असे समजू नका. अमेरिकेत २०१० साली एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या एका पत्त्यात आयपॅडमधल्या कार्डाचा क्रमांक घातला की मालकाचा ई-मेल पत्ता परत येई. काहींनी क्रमांक एकामागून एक घालत नेले आणि सुमारे १,१४,००० पत्ते गोळा केले. त्यातल्या एकाला २०१३ मध्ये एक्केचाळीस महिन्यांची शिक्षा झाली. खटला भलत्याच राज्यात चालवला या कारणावरून २०१४ मध्ये ती रद्द झाली. २०१९ मध्ये तिथल्याच फर्स्ट अमेरिकन या मालमत्तेच्या व्यवहारांतल्या मोठ्या कंपनीचे ८८ कोटी ५० लाख कागद याच रीतीने उघडे असल्याचे निघाले. दुव्यातला एक अंक बदलायचा की दुसऱ्याचे खरेदीखत हजर! आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. पोस्टमास्तरांनी त्याचे नाव घातलेले, शुद्ध मराठीतले दोन पानी पत्र त्या केंद्राला स्वतः नेऊन दिले आणि पोच घेतली. पहिल्या भेटीत ‘आमच्याकडे असं होत नाही’ असे उत्तर मिळाले. तिसऱ्या भेटीत व्यवस्थापकांनी चहा दिला. दीड महिन्याने दुव्यावर मोबाइलचा तात्पुरता पासवर्ड मागू लागले. त्या मुलीला यातले काही कळलेले नाही आणि कळू नये हेच बरे.

भाजीच्या गाडीवरच्या चौकोनालाही हेच लागू आहे. ‘पीएन बरोबर’ यापुढचे नाव हे चौकोन करणाऱ्याने लिहिलेले म्हणणे आहे. म्हणून पैसे देणाऱ्याला चौकोनातले नाव नव्हे, तर बँकेच्या दफ्तरातले नाव दाखवावे असे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०२५ मध्ये ॲप्सना सांगितले. तेव्हा आकडे दाबण्याआधी ते नाव वाचावे. आणि पैसे घेण्यासाठी चौकोन वाचायला किंवा पिन टाकायला सांगणारा भेटला, तर त्याला सरळ रस्ता दाखवावा. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

आमच्या सौभाग्यवतींनी हे सर्व ऐकून एकच व्यावहारिक प्रश्न विचारला. भिशीच्या गटात येणाऱ्या गाण्यांच्या आणि पाककृतींच्या दुव्यांना ही लांबच लांब शेपटी कसली असते? प्रश्न उत्तम होता. त्यातले बरेचसे पॅरामीटर तुमच्या चौकशीचे नसतात, तुमच्यावर पाळत ठेवण्याचे असतात. ‘यूटीएम’ने सुरू होणारे तपशील सांगतात की हे गिऱ्हाईक कोणत्या जाहिरातीतून आले, ते नाव अर्चिन या कंपनीचे, तिला गूगलने २००५ मध्ये विकत घेतले. फेसबुकवरून बाहेर पडणाऱ्या दुव्याला २०१८ पासून त्यांचे असे एक लांब शेपूट लागते. यूट्यूबच्या आखूड दुव्यावर ‘एसआय’ असते. ही कापून दुवा पाठवला तर गाणे तेच लागते. मात्र कात्री सरसकट चालवू नये. यूट्यूबच्या लांब दुव्यात ‘व्ही बरोबर’ यापुढे गाण्याची ओळखच असते. ती कापली तर गाणे गेले. ‘टी बरोबर ९०’ हा तर फार उपयोगी प्राणी आहे: तो दीड मिनिटाचे निवेदन ओलांडून थेट गायनाशी नेतो. सौभाग्यवती हे आता इतक्या सफाईने करतात की, भिशीत त्यांना मान वाढला आहे.

मला स्वतःला मात्र काम मिळाले ते एका गावामुळे. गाड्यांच्या त्या ॲपमध्ये कऱ्हाड सापडेना. म्हणजे काहींना सापडे, काहींना नाही. पडद्यावर दोघांचेही ‘कऱ्हाड’ डोळ्यांना तंतोतंत सारखे. भाचीने दोन्ही पत्ते काढून शेजारी ठेवले: एकात टक्के-अंकांची चोपन्न चिन्हे, दुसऱ्यात त्रेसष्ट. हा आपल्या पापणीसारख्या अर्ध्या ‘र’चा प्रताप! संगणकात तो दोन रीतींनी लिहिता येतो. एक, ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त देऊन. दुसरी, साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह टाकून. दिसायला एक, बाइटांनी वेगळे. सर्व्हरच्या वहीत पहिल्या रीतीचे कऱ्हाड होते; दुसऱ्या कळफलकावरून आलेला प्रवासी म्हणजे त्याला परगावचा. विनंती बिनचूक, वेषांतर बिनचूक, तरी गाडी नाही! कार्यालयातल्या एका हुशार मुलाने सुचवले की सरळ ‘कराड’ लिहायला सांगावे. मी तेव्हा काय बोललो ते इथे छापण्याजोगे नाही.

आता ॲप पत्ता पाठवण्यापूर्वी दुसऱ्या रीतीचा ‘र’ पहिल्या रीतीत बदलून घेते आणि सर्व्हरही खात्रीसाठी तसेच करतो. हे तपासायला त्यांना असा ‘र’ असलेल्या गावांची यादी हवी होती. मी कऱ्हाड, चऱ्होली, गोऱ्हे, कुऱ्हे अशी सुरुवात करून दिली आहे. एका रविवारी पोस्टमास्तरही पेन्सिल घेऊन बसले. कऱ्हा नदी आणि वऱ्हाड भाचीने नाकारले. तिथे थांबा नाही म्हणे. वाचकांपैकी कुणाला आणखी गावे आठवली, तर ती या सदराच्या पत्त्यावर जरूर कळवावीत. पोस्टकार्ड चालेल.